ओघळ्याचं पचन

सोमवार, ४ मार्च
निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी. भाचीची कृपा. ताई गेल्यावर ही पोर माझ्याच घरी वाढली. आता तीच मला कामाला लावते आहे. तिची कंपनी टेबलावर खेळायचे खेळ काढते. चारपाच जण फासे घेऊन बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतल्या राक्षसांशी लढतात. चांगली मोठी माणसं, तीही मन लावून. राक्षस इथे घडतात: भाची चित्र काढते, मग मातीची वीतभर बाहुली करते. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईने त्यांची शरीरं जरा पटण्याजोगी करावीत, असं मालकांना वाटतं. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. चहा बरा असतो. सगळे मावशी म्हणतात. नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही.

बुधवार, ६ मार्च
इथले राक्षस म्हणजे नुसती घाण. जागा दिसेल तिथे डोळे, आणि सगळ्यांना शेंबूड. शेंबूड आला की भीती वाटते, असा यांचा समज. हा श्वास कुठून घेतो, असं भाचीला विचारलं. ती म्हणाली, मावशी, तो खोटा आहे गं, त्याला कशाला श्वास. खोटं असलं तरी नीट खोटं हवं, असं मी सुनावलं.
यांची एक पद्धत आहे. प्रत्येक राक्षसात एक अवयव मुद्दाम कमी ठेवायचा. कुणाला घसा नाही, कुणाला हृदय नाही. कारण विचारलं तर मालक म्हणाले, आधीपासून चालत आलंय मावशी, पुरा करायचा नाही एवढं खरं. आणि घाईने दुसराच विषय काढला.

शुक्रवार, ८ मार्च
आज ओघळ्या नावाचा राक्षस माझ्याकडे तपासायला आला. गोगलगाईसारखं पिवळट धूड, कातडीतून सतत पाझर, तोंड पोटाखाली. भक्ष्याला चिकटतो, लाळेने मऊ करतो, शोषून घेतो. कोळ्याचंही असंच असतं, तेव्हा इथवर ठीक. मी भर घातली: लाळेने अंग बधिर होतं, दुखत नाही, म्हणून भक्ष्य पळत नाही. धरलेलं अंग संपेपर्यंत सोडत नाही. अधिक ऊबदार अंग टेकलं तरच सोडतो.
पण खाल्लेलं बाहेर कुठून पडतं? गुदद्वारच नाही. हाच तो कमी ठेवलेला अवयव. असला गबाळेपणा मी पहिल्या वर्षाच्या मुलांचाही चालवून घेतला नाही. गुदद्वार लिहून टाकलं, आणि सगळे जेवायला गेले तेव्हा ओल्या बाहुलीला टाचणीने भोकही पाडलं.

सोमवार, ११ मार्च
बाहुलीखाली काळ्या, ओल्या लेंड्या. सडक्या मांसाचा वास. उंदीर असणार. पुसून फडकं फेकून दिलं. हात धुतले, वास जाईना, पुन्हा धुतले.

मंगळवार, १२ मार्च
पुन्हा लेंड्या. एक काडीने फोडून पाहिली, जुनी सवय. आत नखाचा तुकडा निघाला. त्यावर निळा रंग.
इथे निळी नखं एकीचीच. भाची गुणगुणत चित्र काढत होती. डावा हात मांडीवर, रुमालाखाली. मी रुमाल उचलला. करंगळी नव्हती. शेजारचं बोट नासक्या फळासारखं लिबलिबीत. ती म्हणाली, काही दुखत नाहीये गं, उगाच काय.
मालकांनी बाहुली हातोडीने फोडली. भरीव मातीची, पण आत पोकळ निघाली. तुम्ही पुरा केलात ना, एवढंच मला म्हणाले.

बुधवार, १३ मार्च
इस्पितळात आहोत. ओघळ्या तिच्या मनगटावर — आता दिसतो — मांजराएवढा, पिवळा, चोखल्याचा आवाज. डॉक्टरांनी ओढला तर तिचं कातडं बरोबर येऊ लागलं. ती हसते, गुदगुल्या होतात म्हणते. मला बेसिनपर्यंतही पोचता आलं नाही, वाटेतच ओकले.

गुरुवार, १४ मार्च
कोपरापर्यंत गेला. हात कापायचा म्हणतात — पण कुठून, तो वर सरकतोच आहे —
ऊबदार अंग. मीच लिहिलंय. नर्सकडून गरम पाण्याची पिशवी मागून घेतली, माझा दंड लाल होईतो त्यावर दाबून धरली. मग तिच्या हाताशी टेकवला.
सुटला. चपकन माझ्यावर.
भाची ओरडते आहे. तिला दुखायला लागलंय. बरं झालं.

शुक्रवार
इस्पितळातल्या खोलीचं दार आतून लावलं. ती बाहेरून ठोकते, मावशी उघड, उघड ना गं — नाही उघडणार. तरुण आहे ती. माझ्याहून ऊबदार —
डावा दंड — नाही, बघायचं नाही. चादरीवर लेंड्या. त्यात मीच.
दुखत नाही, लिहिल्याप्रमाणे. पण किळस मरावी असं त्या लाळेत मी काहीच घातलं नाही. ती सगळी जशीच्या तशी — आता गळ्याशी — ओलं — ओठांवर —