घागरी कापलेला फोटो

मंगळवार, संध्याकाळ

मावशीचा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. सकाळी तिच्या गावच्या बायका पाण्यासाठी तासगाव रस्त्यावर रिकाम्या घागरी मांडून बसल्या. बातमी मी लिहिली, संपादकांनी मथळा बदलला: ‘रास्ता रोकोने प्रवाशांचे हाल’. उद्या आमच्या सांजदैनिकात आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी आहे, ‘पाणीदार नेतृत्व’. त्या जाहिरातींवरच आमचे पगार निघतात. संपादकसाहेब वाईट नाहीत. फोटो खालून कापताना माझ्याकडे बघत नव्हते. घागरी गेल्या, उरल्या बायका आणि मागं अडकलेली एसटी.

घागरीनं काय बिघडलं असतं? कळतंय की. घागर दिसली की पाणी का नाही, हे विचारावं लागतं.

मावशी रागावली असती तर बरं. तिनं एवढंच विचारलं, “आमी उन्हात बसलो, आन् हाल एसटीतल्यांचं व्हय गं?” मग तीच समजुतीनं म्हणाली, “असू दे, तुझी नोकरी हाय. पर घागर तरी ठिवायची. तिच्याबिगर आमी नुसत्या भांडकुदळ दिसतोय.”