उशाची माती

२ फेब्रुवारी, रविवार

आज कामावरच्या इस्त्रीवाल्या बाईने विचारलंच — "पण तुम्ही तिकडचे लोक खरेखुरे ज्यू की असेच?"

असेच म्हणजे कसेच? "असेच," म्हटलं. पाठ मोडून आली होती, वाद कोण घालणार!

तिकडे चव्वेचाळीस वर्षं वेगळाच प्रश्न होता. नवी शाळा, नवी नोकरी, नवे शेजारी — "आडनावावरून कळत नाही हो, तुम्ही नक्की कोण?" मग पूर्वज कुठून आले, कसे आले, किती उरलो — सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवायचं. आयुष्यात एकदा तरी अशा जागी राहायचं होतं जिथे हे पाढे म्हणावे लागणार नाहीत. म्हणून या पूर्वजांच्या देशात आले. म्हाताऱ्या बाबांना घेऊन आले. आठ महिने झाले. इथे 'तुम्ही कोण' असं कोणी विचारत नाही. 'खरंच का' असं विचारतात. आगीतून फुफाट्यात!

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा फोन. चुलतभाऊ असला तरी तिकडे आमचं म्हणून आता तेवढंच एक माणूस. आमचं बंद घर घ्यायला एक कुटुंब तयार आहे म्हणे. "महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांग. तुम्ही काय परत येणार आहात थोडेच!"

बाबांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." इथे यायचं ठरवलं तेव्हाही अगदी हेच म्हणाले होते. ना हो, ना नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

घर गेलं की परतीचे दोर कापले. मला ते कापायचेच आहेत बहुतेक. नाहीतर आले कशाला?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोनशे बारा चादरी. इस्पितळाच्या तळघरात माझी खोली — एक शिवणाचं मशीन, एक दिवा, खिडकी नाही. धुऊन आलेलं सगळं माझ्या हाताखालून जातं. फाटलेलं शिवायचं. डाग राहिलेलं बाद करायचं, मग त्याची फडकी होतात. तिकडे मी मुलींना शिवण शिकवायचे, 'बाई' म्हणायचे मला. इथे मी नुसती 'ए, शिवणवाली'.

निघताना सुपरवायझरने विचारलं, "उद्या जादा पाळी करतेस?" मी पटकन म्हटलं, "उद्या शनिवार आहे ना!" सगळ्या हसल्या. इस्त्रीवाली म्हणाली, "अगं, इथे सगळेच ज्यू. शनिवारी काम केलं तरी कोण ज्यू आहे ते देवाला बरोबर ठाऊक आहे. मी करते पाळी."

तिकडे शनिवारी बंद असणारं आमचं एकच घर होतं गल्लीत. दूधवाल्यालासुद्धा पाठ होतं — आज ताईंकडे बेल वाजवायची नाही! घरी आले, दिवा लावला. बाबांनी प्रार्थना म्हटली, तिकडच्याच चालीत. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबा स्वतः जाऊन पाव घेऊन आले! इथली भाषा त्यांना येते ती प्रार्थनेपुरती. पोथीतली. बाजारात तिचा काय उपयोग? पाव हा शब्द आठवेना, म्हणून रांगेत उभं राहून त्यांनी पावावरचा आशीर्वादच म्हटला — अख्खा, चालीसकट, डोळे मिटून. सगळ्या रांगेने "आमेन" म्हटलं. बेकरीवाल्याने मुकाट्याने दोन पाव हातात दिले.

किती दिवसांनी हसले मी! बाबा मात्र गंभीर. "लोक चांगले आहेत," एवढंच म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी आज पुन्हा पुरचुंडीची आठवण करून दिली. या महिन्यात तिसऱ्यांदा.

तिकडे आमच्या प्रत्येक घरात अशी एक पुरचुंडी असायची. कुणीतरी पणजोबा-खापरपणजोबा इथे येऊन गेलेला, त्याने नेलेली इथली माती. माणूस गेलं की पुरताना ती त्याच्या उशाशी घालायची — म्हणजे तो आपल्या मुलखात झोपला. आई गेली तेव्हा बाबांनी ती बाहेर काढली. अकरा वर्षं झाली. "अर्धी तिला, अर्धी मला," म्हणाले होते.

पुरचुंडीची एका बाजूची शिवण आईच्या हातची, मुंग्यांच्या रांगेसारखी. दुसरी बाजू बाबांनी नंतर शिवलेली — गोणपाट शिवावं तसे टाके! माझे हात शिवशिवतात, पण हात लावू देतील तर शपथ.

आणि ही माती ते परत इथे घेऊन आले! विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "माती." "कुठली?" "इथलीच!" तो पोट धरून हसला. बाबा आपल्या चपलांकडे बघत उभे होते. उलटी गंगा, दुसरं काय.

आज मीही चिडवलं, "बाबा, इथे सगळी तीच माती. कुठेही झोपा, उशाशी तीच."

"असू दे. मी गेलो की हीच घाल. विसरू नकोस."

१५ फेब्रुवारी, शनिवार

झोप, झोप आणि झोप. संध्याकाळी उठून तिकडच्या चपला पुसल्या. शिवणीत अजून लाल माती अडकलीय! इथली धूळ पांढरी, पिठासारखी. दिवसभर गिरणीत बसल्यासारखं वाटतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबा मोरीत पडले. आमच्याच इस्पितळात दाखल केलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय दमलंय, आठवडाभर इथेच राहू दे. बाबा दमलेत हे कळायला एवढी यंत्रं कशाला? मला रोज दिसत होतं. दिसत होतं आणि मी बघत नव्हते.

माझ्यामुळे झालं हे. कुणी म्हणत नाही, पण मला कळतं. शहात्तराव्या वर्षी उपटून आणलं त्यांना, माझी हौस म्हणून.

घरून काय आणू, विचारलं. चष्मा नको, पोथी नको. पुरचुंडी. ती त्यांनी माझ्यादेखत उशीच्या अभ्र्यात सरकवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दादाचा निरोप — "लोक खोळंबलेत."

ठरवलं. घर देऊन टाकायचं. बाबांना आता एवढा प्रवास झेपणार नाही, आणि पुन्हा बांधाबांध करायची ताकद माझ्यातही उरलेली नाही. इथलेच व्हायचं. उद्या कळवते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आयाने बाबांना खुर्चीत बसवून अंथरूण बदललं — अभ्र्यासकट! मी वर गेले तेव्हा बाबा पुन्हा पडून झोपलेले आणि उशी कोरी. तशीच खाली धावले. चादरी धुलाईच्या मशीनमध्ये फिरत होत्या.

पुरचुंडी निघाली ती उलटी होऊन. बाबांची ती गोणपाटी शिवण उसवलेली. आत काही नाही. तीन चादरी डागाळलेल्या. सुपरवायझर ओरडत होती, "रंगीत कपडा कुणी टाकला यात?" पुरचुंडी माझ्या मुठीत.

मोरीत जाऊन रडले. मग माझं मलाच हसू आलं. रडतेस कशाला, बये? मातीच ती! इस्पितळामागे एक वाळकं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी कात्रीने उकरली आणि ओंजळभर घेऊन आले. इस्त्रीवालीने माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता पुरचुंडी घेतली आणि इस्त्री फिरवून कोरडी करून दिली. बाई तोंडाची फाटकी आहे, मनाची नाही. मग माती भरली, शिवली. अगदी बारीक टाके, आईसारखे. बाबा जागे व्हायच्या आत नव्या अभ्र्यात.

इथली होती, इथलीच भरली. काय बिघडलं? या धांदलीत दादाला कळवायचं राहिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी बाद चादरींच्या ढिगाकडे गेले. त्या तिन्ही वाळल्या होत्या. डाग लाल. मातकट नाही, लाल. चपलांच्या शिवणीतून निघाली होती तशी.

मी चादर दिव्याखाली धरून पुन्हा पाहिली. इथे कुठेही लाल माती नाही.

वर गेले. बाबा पुरचुंडी तळहातावर घेऊन बसले होते, वजन करावं तशी. "शिवण अगदी तुझ्या आईसारखी घातलीस," म्हणाले. मग विचारलं, "माझी कुठे गेली?"

सगळं सांगितलं. मग म्हणाले, "एवढीशी होती गं ती. दोन चमचे. तिची अर्धी कशी करायची? सगळी तिलाच घातली. पुरून झाल्यावर तुम्ही लोक फाटकाकडे गेलात, तेव्हा तिच्या कबरीवरची मूठभर भरून घेतली."

"मग इथे येताना तरी बोलायचं होतं, बाबा! एकदा तरी 'नको' म्हणायचं होतं!"

"तुला यायचं होतं."

एवढंच. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, वॉर्डभर लोक असताना हमसून हमसून रडले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दादाला कळवलं — घर देऊ नकोस. परत कधी, ते माहीत नाही.

बाद केलेल्या तिन्ही चादरी मागून घेतल्या. कापून एक अभ्रा शिवला. डाग वरच्या बाजूला येईल असा. बाबांनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि लगेच झोपले.