माझ्या मंजुरीशिवाय पान हलत नाही

सोमवार, ३ जून. सकाळी ८
आजपासून मी नियंत्रक. सीमेवर घिरट्या घालणारी लष्कराची ड्रोनं आपली आपण शत्रू शोधतात, पण पुढचं माणूस ठरवतो. म्हणजे मी. पडद्यावर चित्र येतं. हिरवी चौकट असेल तर 'पाठलाग करू का?' लाल असेल तर 'मारू का?' पंधरा सेकंदांत 'मंजूर' किंवा 'नामंजूर' दाबायचं. नंतर चूक लक्षात आलीच तर टेबलावर झाकणाखाली परतीचं बटण आहे. ड्रोन माघारी फिरतं.
ही म्हणाली, गिझर बंद करायची आठवण तुम्हाला तीनदा करावी लागते. हिला लष्करातलं काय कळतं!
संकल्प : प्रत्येक चित्र पूर्ण पंधरा सेकंद पाहणार. यंत्राच्या बापालाही भिणार नाही.

मंगळवार, ४ जून
दोनशे अकरा चित्रं. सगळी हिरवी. पहिल्या सहांना पंधरा-पंधरा सेकंद दिले. मग डोळे चुरचुरायला लागले. मंजूर : दोनशे अकरा. एकदाही मतभेद नाही. माझे विचार एका दिवसात ओळखले यंत्राने.

शुक्रवार, ७ जून
दुपारच्या पाळीला एक बाई येते. आधी नकाशांच्या खात्यात होती. पडद्याला नाक लावून बसते. आज नऊ नामंजूर केले. यंत्र म्हणालं सैनिकांची रांग, बाई म्हणाली शाळा सुटलीय. शाळाच निघाली. नशीब एकेकाचं! तिचं नाव शंकासुरीण ठेवलं. अर्थात मनात.
साहेबांकडे तक्रार केली की बाई कामाचा खोळंबा करते. साहेब म्हणाले, खरं आहे, तुमची सरासरी एक पॉइंट आठ सेकंद, तिची अकरा. वरून कौतुक आलंय तुमचं. घरी सांगितलं. हिने विचारलं, एवढ्यात दिसतं काय? कुत्सित बाई.

सोमवार, १० जून
यंत्र हल्ली मला गृहीत धरतं. चित्र येताना 'मंजूर'चा चौकोन आधीच उजळलेला असतो. उद्धटपणा! हिसका दाखवायचा म्हणून एक नामंजूर दाबलं. लगेच फॉर्म उघडला. कारण लिहा, चौदा रकाने. चौथ्या रकान्यात माघार घेतली. फॉर्म मुद्दाम तसा केलाय कंपनीवाल्यांनी, हरामखोर. मंजूरला एकही रकाना नाही.
संकल्प : रोज किमान एक नामंजूर. उद्यापासून.

गुरुवार, १३ जून. दुपारी २
कसला संकल्प आणि कसलं काय. अक्षर वाकडंतिकडं येतंय. रागाने.
झालं असं की प्लंबरचा फोन होता. तो माझ्याशी अरेरावी करत होता, मी त्याच्याशी. चित्रं येत होती, मी दाबत होतो. एवढ्यात शंकासुरीण पाळीच्या आधीच टपकली आणि मागून ओरडली, "अहो, चौकट लाल आहे!"
होती. 'झाकलेलं शस्त्र, तीन माणसं.' मंजूर होऊन गेलं होतं. मी म्हणालो, यंत्राने बघितलंय ना. ती म्हणाली, "तीन पायांचं स्टँड आहे ते. रस्ता मोजतायत. आपलीच माणसं आहेत!"
परतीच्या झाकणावर माझा डबा होता. तिने तो हाताने उडवला. भाजी सगळी फरशीवर. बटण दाबलं. ड्रोन फिरलं तेव्हा पोचायला चाळीस सेकंद उरले होते.
डब्याचं झाकण चेपलं. माफीसुद्धा मागितली नाही तिने.

शुक्रवार, १४ जून
अहवाल मीच लिहिला. 'मानवी नियंत्रणामुळे दुर्घटना टळली.' शब्दशः खरं आहे. कोणता मानव, ते विचारलेलं नव्हतं. बाईने वाचून खाली सही केली नाही. आकसच, दुसरं काय!

बुधवार, १९ जून
चौकशी. सगळा राग माझ्यावर. मी ठणकावलं, दिवसाला दोनशे चित्रं असतात, माणूस आहे मी. समितीतल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच तर तुम्हाला बसवलं होतं." साहेब छताकडे बघत होते. सरासरीचं कौतुक करणारे हेच. भेकड! लाल चौकटी आता फक्त शंकासुरिणीकडे जाणार. हिरव्याही अर्ध्याच माझ्याकडे.
माझा भार कमी व्हावा म्हणून असणार.

शनिवार, २२ जून. सकाळी ११
रस्ता मोजणाऱ्या तिघांपैकी एक आला होता. पन्नाशीचा, बुटाला चिखल. समितीची परवानगी घेऊन आलेला. नियंत्रकाला बघायचंय म्हणाला. मी खुर्ची दिली, बसला नाही. मला वाटलं, आभार मानायला आलाय. मानेने 'असू द्या, असू द्या' करून ठेवलं.
त्याने शांतपणे विचारलं, "तुम्ही मला बघितलंत, तेव्हा मी काय करत होतो?"
मी म्हणालो, "उन्हात उभे होतात. टोपी घालून."
 तो शेजारच्या टेबलावर लाल चौकटी बघत बसलेल्या बाईंकडे वळला.
बाई म्हणाल्या, "पाऊस होता. तुम्ही छत्री धरली होतीत मोजायच्या यंत्रावर. स्वतः भिजत होतात."
तो "हो" म्हणाला. बाईंना हात जोडले आणि जिना उतरून गेला.

दुपारी ४
सकाळच्या नोंदीखाली माझा खुलासा लिहायला अर्धं पान मोकळं सोडलं होतं. अजून मोकळंच आहे.