संक्रांतीला दोरा हाती घेतला

ती. भागवतदादास, साखराचा दंडवत.

तुझा खोकला कसा हाय? वहिनीचा दमा? तुझा पोरगा शेषेराव नीट जेवतो का? तिरानव्वच्या भूकंपात तुम्ही तिघंही गेलात त्याला पंधरा वर्षं झाली, तरी माझं पत्र असंच सुरू होतं.

मी लातुरातच हाय. वरच्या खोल्या क्लासच्या पोरींना दिल्यात. मी खाली पत्र्यात राहते, भूकंपापासून जिना चढले न्हाई. संक्रांतीला त्यांतली शिवांगी म्हणाली, "आजी, पतंग उडवा की."

"मला फिरकी धरता येते बाई. दादानं दोरा कधी हातातच दिला न्हाई."

"मग आज घ्या," म्हणत तिनं मला गच्चीवर नेलं.

पतंग वर गेला अन् दोरा हातात थरथरला. मला वाटलं जमीनच हलली. मी ओरडले, "भाईर पळा!" शिवांगीसकट आठही पोरी पुस्तकं टाकून रस्त्यावर. खालून ती विचारते, "आजी, तुम्ही का न्हाई पळालात?"

"गुडघे दुखतेत," म्हणाले.

खरं तुला सांगते. पळावंसं वाटलंच न्हाई, दादा. दोरा धरून नुसती उभी राहिले.

दोन ओळी लवकर धाड.

तुझी,
साखरा