रस्ता अजून ओला आहे

आई, आपल्या खानावळीसमोरचा रस्ता खणून हा सहावा महिना. तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं कधी सुचलं नाही. लिहिण्याची सवय ना तुला होती ना मला. पण आता बोलायला माणूसच उरलं नाही. दुपारी बाराला, तुझ्या वेळी जेव्हा दारात चपलांचा ढीग पडायचा, तेव्हा मी पाटावर बसून समोरचा खड्डा बघत असते. गिऱ्हाईक खड्ड्यापलीकडे उभं राहतं, फळीवरून यावं की न यावं असा विचार करतं आणि मागच्या गल्लीत निघून जातं. खानावळ माझ्या हातून जाते आहे, आणि मी काय करू तेच कळत नाही गं.

कामाची चाल तर विचारूच नकोस. सकाळी दहाला टोळी येते. आधी चहा होतो, मग खोऱ्या-घमेल्यांची शोधाशोध. एकजण खणतो, तिघं बघतात. ऊन चढलं की सगळे समोरच्या लिंबाखाली आडवे, ते चारला उठतात. मी मुकादमाला विचारलं, कधी व्हायचं हे? तर म्हणाला, "हुईल की अक्का, एवडी काय गडबड हाय?" मध्यंतरी पुण्याचं एक जोडपं फळीवरून तोल सावरत आलं. शेंगाचटणी-भाकरी खाऊन ती बाई कौतुकानं म्हणाली, "किती निवांत शहर आहे हो तुमचं! इथे कुणाला घाईच नाही." मी हसले. मनात म्हटलं, बाई, तू दोन दिवसांसाठी आलीस, सहा महिने माझ्या दारात बसून बघ. तीन बायका भाकऱ्या थापायच्या माझ्याकडे. दोघी सोडून गेल्या. तिसरी रोज निघताना विचारायची, "उद्या येऊ का नगं?"

घाईवरून तू मला एकदाच फैलावर घेतलं होतंस. मी दहावीत होते. लांब लग्नाला निघालेली माणसं वाटेत टिकणाऱ्या कडक भाकऱ्या घ्यायला आली आणि तू नेमकी बाजारात. चुलीच्या कडेला उभ्या करून ठेवलेल्या भाकऱ्या मी बोटानं दाबून पाहिल्या, वरून कडक लागल्या, दिल्या कागदात बांधून. आठवड्यानं त्यातला एकजण गठ्ठा घेऊन परत आला. आत हिरवी बुरशी. तू त्याला नव्या भाकऱ्या दिल्यास. तो गेल्यावर मला चुलीपुढे बसवलंस. "वाळल्याबिगर बांधायची न्हाय म्हनलं हुतं की तुला! परगावी गेल्यावर ती लोकं काय खातील?" मग दिवसभर प्रत्येक खेपेतली एकेक भाकरी मोडून ती कडकन वाजते का ते ऐकायला लावलंस. मी रडत रडत भाकऱ्या मोडत होते आणि तू ढुंकूनही बघत नव्हतीस.

गेल्या महिन्यात एकदाचं आपल्या बाजूला काँक्रीट पडलं. त्यावर मातीची आळी करून पाणी साठवलं, कडेनं दगड आणि पिंपं लावली. काँक्रीट पक्कं होईपर्यंत, तीन आठवडे एकही गाडी जाता कामा नये, असं रस्त्याचे साहेब सांगून गेले. पाणी मारायला आणि गाड्या अडवायला मंद्रूपकडची एक बाई ठेवली, आपल्याच भागातली. भर उन्हात पाइप धरून उभी असायची. तिला बघून तुझी आठवण यायची. दुष्काळात तू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचीस, तिथं कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही असं सांगायचीस. तरी आठवडाभर मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. त्या रस्त्याचा सगळा राग मी तिच्यावरच काढत होते.

आठव्या दिवशी पहाटेच टेम्पोवाल्याचा फोन आला. दर महिन्याला बाहेरगावच्या दुकानांसाठी तो आपल्या कडक भाकऱ्या नेतो. अलीकडे त्याच्यावरच चूल पेटत होती. "मावशी, गाडी दारात लागत नसंल तर म्या दुसरीकडनं घेतो." मी म्हटलं, "ये की, झालाय रस्ता." सकाळपासून थाप थाप थापल्या. दुपारी लिंबाखाली टोळी घोरत होती, ती बाई तेवढी पाइप धरून जागी. मी तिला हाक मारली, "ये गं, चार घास खाऊन घे." चुलीकडे तोंड करून बसवलं, रस्त्याकडे पाठ. आमटी, भाकरी, चटणी, वर दही. ती जेवतेय आणि मी बाहेर पिंप लोटतेय, दगड सरकवतेय. टेम्पोच्या आवाजानं ती उठायला लागली तेव्हा मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि मागच्या गल्लीतली गाडी आहे म्हणून सांगितलं. टेम्पो भरून गेला. दगड होते तिथे ठेवले.

संध्याकाळी साहेब आले. आळी चेपली होती, चाकं उमटली होती, एक कोपरा तडकला होता. "कुठे होतीस तू?" सगळ्यांसमोर विचारतात. ती एकदा माझ्या दाराकडे बघते. मी खाली मान घालून चटणी कुटते. "डोळा लागला सायेब," ती म्हणते. तिला कामावरून काढलं. जाताना मुद्दाम माझ्याकडे आली. "अक्का, तुमी जेवाय बोलावलं म्हून सांगितलं न्हाय. उगं तुमाला बोल लागला असता. इतक्या दिसात हितं कुनी जेवलीस का म्हून इचारलं न्हवतं." मी तिला थांब म्हणाले नाही की साहेबांकडे गेले नाही.

सकाळी थापलेल्या भाकऱ्या दुपारपर्यंत कशा वाळणार, हे तुला सांगायला नको. दुकानांनी सगळा माल परत केला, टेम्पोवाला आता फोन उचलत नाही. समोरचा तेवढा रस्ता मशीननं फोडून पुन्हा केला, पुन्हा आळी, पुन्हा पाणी. भाकऱ्या थापणारी ती तिसरी बाईही कालपासून आली नाही. आज मी चूल पेटवली नाही. हे पत्र चुलीत घालावं तर चूल विझलेली, म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवते.

लोक अजून म्हणतात, आईच्या वळणावर गेलीय, दारातल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाही. ती बाईही गावाकडे हेच सांगत असेल. आई, त्या दुपारी मी तिला तिची भूक बघून बोलावलं नव्हतं.