सातवी ‘ब’चं शपथेवरचं अज्ञान

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा (पन्नाशीला टेकलेला, हुद्दा प्रशिक्षणार्थी) वाकता येईल तितका वाकून नमस्कार. तुझे गुडघे आज्ञेत आहेत ना? भावोजींचा खोकला आणि त्यावरचं तुझं भाष्य, दोन्ही यथासांग चालू असेलच. इकडे सर्व क्षेम आहे, असं समजूनच पुढचं वाच.

ऑफिस बंद पडल्यावर मी मास्तर व्हायचं ठरवलं, तेव्हा तू हसलीस ते मी विसरलो आहे (दोनदा विसरलो आहे). परवा माझा पहिला सराव पाठ झाला. असे सगळे पाठ उतरले तर प्रमाणपत्र, नाहीतर पुन्हा हेच वर्ष आणि बायकोच्या पगारावरचा चहा. तुझ्यासारख्या निवृत्त बाईंना सांगायला नको, पण या यज्ञाचा एक विधी असतो. विषयाचं नाव मास्तराने आधी उच्चारायचं नाही. आडून आडून प्रश्न विचारत ते मुलांच्याच मुखातून वदवायचं. माझा विषय बाष्पीभवन. आणि सातवी ‘ब’ला माझ्याआधी इतक्या होतकरूंनी बाष्पीभवन शिकवून ठेवलेलं, की माझा सहाध्यायी (आम्ही त्याला नगारा म्हणतो, आवाजावरून) आदल्या दिवशी पहिल्याच प्रश्नाला गारद झाला. त्याने ओला रुमाल नुसता खिशातून काढला आणि सगळा वर्ग एका सुरात ‘बाष्पीभवन’ म्हणाला. उरलेला तास त्याने रुमाल वाळवण्यात घालवला.

म्हणून मी राजनीती केली. मधल्या सुट्टीत वर्गाच्या मॉनिटरला गाठलं. दोन वेण्या आणि न्यायाधीशाचा चेहरा. तिला म्हटलं, बाई गं, तो शब्द सहाव्या प्रश्नाला सांगा. बाकी तुम्हाला काही म्हणजे काही येत नाही. तिने वर्गाची सभा भरवून मंजुरी आणली.

निरीक्षक बाई मागच्या बाकावर विराजमान झाल्या. प्रस्तावना काय रंगली म्हणून सांगू! दोरीवरच्या ओल्या कपड्यांचं काय होतं? ‘चोरीला जातात.’ डबक्यातलं पाणी कुठे गेलं? ‘कुत्र्याने प्यायलं.’ सहाव्या प्रश्नाला मॉनिटरला साक्षात्कार झाला आणि बाईंनी मान डोलावली. पुढे प्रयोग, आकृती, सगळं शास्त्रोक्त. शेवटी उजळणी. बाष्पीभवन म्हणजे काय? सगळा वर्ग नवजात. प्रश्न सोपा केला, आणखी सोपा केला, इतका की त्याचं उत्तर भावोजींनीही दिलं असतं. मॉनिटर उठली आणि शांतपणे म्हणाली, "सर, माहीत नाही." मी डोळ्यांनी विनवण्या केल्या, भुवया उडवल्या, बाईंना वाटलं मला झटका आला, त्यांनी पाणी मागवलं. अज्ञान कधी सोडायचं, एवढंच माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं.

बाईंचा शेरा: प्रस्तावना उत्कृष्ट, त्यानंतर मुले होती तशीच.

घंटा झाल्यावर मॉनिटर अभिमानाने जवळ आली. "सर, एकपण फुटला नाही बघा."

एकूण, वर्गावर माझा प्रभाव पडतो हे सिद्ध झालं. मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पाठ नापास. सोमवारी पुन्हा आहे. विषय घर्षण, वर्ग तोच.

आणखी एक. रविवारी तुझ्याकडे येतो. जेवणं झाली की तू आणि भावोजी सोफ्यावर बसा, मी घर्षण शिकवतो. भावोजी झोपले तर झोपू देत, वर्गात तसे चार असतातच. तू मात्र पाठ संपल्यावर काय समजलं ते खरं खरं सांग. तेवढं सांगणारं माणूस मला इकडे कुणी मिळेना.