टपरीवरून दिसणारा उजेड

बाबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. आर्णीतलं आपलं वेल्डिंगचं दुकान मी अजून चालवते. काल एका ट्रॉलीचा हुक जोडला, वरची जळकी खपली झाडली आणि तुमच्या सवयीने सांध्यावर नख फिरवलं, तर नख आत गेलं. वेल्डिंग बोटभर बाजूला, सांधा उघडाच. कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात सुटली असती तर? रात्रभर तेच डोक्यात होतं. डॉक्टर म्हणतात, डोळ्याचा पडदा खराब होतोय, चष्म्याने भागणार नाही. काळ्या काचेतून ठिणगी दिसते, पण तिच्या पुढची खडूची रेघ दिसत नाही. घरात कुणाला सांगितलेलं नाही. वेल्डिंगचा होल्डर हातातून गेला तर माझं काय उरेल, याची भीती वाटते.

शेवटच्या वर्षी तुमचंही असंच झालं होतं. "डोये मिटून जोडून राह्यली का?" म्हणून तुम्ही मला झापायचात आणि निसटलेला असायचा तुमचाच सांधा. मी म्हणायचे, "बाबा, चहा पिऊन या ना." तुम्ही समोरच्या टपरीवर गेलात की मी तो पुन्हा जोडायचे, तुमच्या हातचा वाटेल असा. तुम्ही येता, नख फिरवता, बोट चटकन मागे घेता. "जमला," म्हणता. मी मनात हसायचे, मोठी शहाणी!

आज तोच हुक पुन्हा जोडला. काच वर केली तोच नवरा म्हणाला, "जाय, चहा पिऊन ये. मी आहो ना इथं." हे काम त्याला मीच शिकवलंय. टपरीवर बसले आणि समोर आपल्या दुकानात निळा उजेड लखलखला. माझ्या या डोळ्यांनाही स्पष्ट दिसला. म्हणजे तुम्हालाही दिसत होता, बाबा, दर वेळी. तरी तुम्ही चहा पीत राहिलात. ट्रॉली नीट जावी म्हणून, आणि होल्डर तुमच्याकडे राहावा म्हणूनही. मी मात्र तुम्हाला फसवलं, असंच इतकी वर्षं समजत आले.

कप रिकामा झाला तरी उजेड थांबेना. मी दुसरा चहा मागवला.

परत येऊन नख फिरवलं, बोट भाजलं. नवरा दुसरीकडे पाहत हातोडी पुसत होता. हे सगळं खरं तर त्याला सांगायचं आहे, आणि लिहिते आहे तुम्हाला, जिथे टपाल पोचत नाही. त्याला मी एवढंच म्हणाले, "जमला."